उदमांजराची विष्ठा कोणी पळवली?

मेहरूण तलावामागची टेकडी ओसाड आहे, असं एकदा सरकारी कागदावर आलं की ती सपाट करायला बिल्डरांना रान मोकळं. आम्ही चौघं मित्र ते होऊ देणार नव्हतो. वनखात्याचे साहेब पाहणीला यायचे होते आणि आमचा पुरावा होता उदमांजराची विष्ठा. हसा खुशाल. उदमांजर रात्री उंबरं खातं आणि पायवाटेवर शी करतं. तीत उंबराच्या शेकडो बारीक बिया असतात. जनावर झाडं पेरत फिरतंय, मग ओसाड कसली?

आषाढातली उघडीप बघून आम्ही सकाळी ताज्या ढिगांभोवती चुन्याची रिंगणं काढली. दुसऱ्या सकाळी रिंगणं जागेवर, आतला माल गायब. तीनदा तेच. जमीन तेवढी उकरलेली.

त्या वाटेवर पहाटे एकच माणूस दिसायचा. आमच्याच गल्लीतले पिंजारी चाचा. पावसाळ्यात गाद्या पिंजायला कोणी देत नाही, म्हणून ते निंबोळ्या वेचून विकतात. हातात पोतं, नजर सतत जमिनीवर. मला तेवढं पुरलं. धुळ्याचा मित्र तर म्हणालाच, ‘‘हाऊ म्हतारा बठ्ठं लई गया, भो!’’ म्हणजे सगळं म्हाताऱ्यानंच नेलं.

रात्रीतून पत्रक छापलं. आधी छापायचं, मग बघायचं, ही आमची रीत. ‘पुरावा पळवणारा पोतंवाला कोणाचा माणूस?’ नाव नव्हतं, पण कळायचं त्याला कळलं. टेकडीच्या पायथ्याशी लोकांनीच बसवलेल्या राखणदारानं चाचांना वर सोडणं बंद केलं. निंबोळ्या झाडाखाली कुजू लागल्या.

चाचा घरी आले. ओरडले नाहीत.

‘‘बेटा, माझ्या पोत्यात घाण भरून मी काय गादी शिवणार? चल, तुला चोर दाखवतो.’’

मी गेलो, पण मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवूनच. विश्वास नव्हताच. ताज्या ढिगापाशी त्यांनी मला उकिडवं बसवलं. थोड्या वेळानं ढीग आतून हलला. काळे शेणकिडे खालची माती बाहेर लोटत होते आणि विष्ठा बियांसकट आत ओढत होते. वर सांडलेल्या बिया मुंग्या एकेक करून बिळाकडे नेत होत्या.

‘‘मुंग्या बिया खात असतील,’’ मी अडून बसलो.

‘‘खातात की. बठ्ठ्या थोड्याच खातात! उरलेली उगवते.’’ त्यांनी दगडाच्या फटीतलं बोटभर उंबराचं रोप दाखवलं. ‘‘याच्यावर पण पत्रक काढ. लिही, किड्यांना कोणी पाठवलं.’’

म्हणजे पुरावा पळत नव्हता, पेरला जात होता, आणि आम्ही पेरणाऱ्यांवर पाळत ठेवून बसलो होतो.

दुसरं पत्रक मी एकट्यानं वाटलं. चूक आमची, चाचा निर्दोष, असं ठळक छापलं. चहाच्या टपरीवर एकानं ते उलटसुलट करून पाहिलं. ‘‘भाऊ, पहिलं फर्मास होतं. हे काय किड्यामुंग्यांचं?’’ आणि त्यावर भजी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी चाचांबरोबर टेकडीवर निघालो. मीच राखणदाराला सांगितलं, यांना जाऊ दे. ‘‘जाऊ दे ना, कोण अडवतंय,’’ तो म्हणाला, पण जागचा हलला नाही.

त्यानं विचारायच्या आधीच चाचांनी रिकाम्या पोत्याचं तोंड उघडून त्याच्यासमोर धरलं.