टेबलाच्या पलीकडे

माफी मागितली नाही तर धाकटीची नोकरी जाणार, आणि धाकटी माफी मागणार नाही. सकाळपासून आईच्या डोक्यात हे एकच चक्र फिरत होतं. भांडी घासताना, दूध तापवताना, आणि तापवलंय हे विसरून पुन्हा तापवताना. ते उतू गेलं तेव्हा ती स्वतःवरच करवादली, "घ्या, आता हेही!"

धाकटी शिवणकारखान्यात कापड कापायची. जन्माची डावखुरी. लहानपणी शेजारच्या काकू सारख्या म्हणायच्या, "सवय मोडा हो तिची." आईने मोडली नाही, कारण ती कशी मोडायची हेच तिला ठाऊक नव्हतं. पुढे पोरीने डाव्या हाताची कात्री मागवून घेतली आणि तिला कुणाला हात लावू देईना.

कारखान्यात एक लांबलचक टेबल होतं. सगळे कापणारे मास्तरांच्या बाजूला एका ओळीत उभे राहत, आणि त्यांच्या डाव्या अंगाला खिडक्या. मास्तरांच्या समोर, पलीकडे, कुणी उभं राहायचं नाही ही तिथली रीत. उजव्या हाताने कापणाऱ्यांना तिथे उजेड नेमका खडूच्या रेघेवर मिळे. धाकटीला मात्र रेघेवर स्वतःच्याच हाताची सावली. त्या सावलीपायी बाह्यांची अख्खी थप्पी रेघ सोडून कापली गेली आणि मास्तरांनी सगळ्यांदेखत तिची बिनपाण्याने केली. "हात बदल, नाहीतर बटणं लावायला बस!"

दुसऱ्या दिवशी धाकटीने कात्री उचलली, टेबलाला वळसा घातला आणि मास्तरांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. थप्पी पुढ्यात ओढून कापायलाही लागली.

"तिथे कुणी उभं राहत नाही," मास्तर म्हणाले.

"इथे उजेड आहे, मास्तर."

"माझ्या डोळ्याला डोळा भिडवतेस?"

"नाही हो, मी रेघेकडे बघतेय."

ओळीत कुणीतरी फिसकन हसलं आणि तिथेच सगळं बिनसलं. मास्तरांनी तिला घरी पाठवलं. माफी मागायची, अलीकडे उभं राहायचं, तरच परत यायचं.

नोकरी मामाने शब्द टाकून लावलेली. सकाळीच त्याचा फोन आला. "ताई, तू नुसतं हो म्हण. पोरीला पश्चात्ताप झालाय असं मी मास्तरांना परस्पर सांगतो. तिला कळायचंही कारण नाही. दुपारपर्यंत कळव, मला तोंडघशी पाडू नकोस."

"कळवते," आई म्हणाली, आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुपारी धाकटी खिडकीत बसून कात्रीला तेल देत होती. आई मटार सोलायला शेजारी टेकली.

"तेल कशाला आता?"

"उद्या कामावर जायचंय."

"आणि उभी कुठे राहणार?"

"पलीकडे."

"अगं, हाकलून देतील!"

"देऊ देत. परवा पुन्हा जाईन."

"इतकी कशी गं तू हट्टी? कुणावर गेलीस?"

"गोगलगायीवर."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. धाकटी लहान असताना घरात चित्रांचं एकच पुस्तक होतं, कुणाकडून तरी मिळालेलं, जुनं. उलट्या शंखाच्या गोगलगायीचं. बाकीच्या गोगलगायींचे शंख एका बाजूला वळलेले, हिचा दुसऱ्या. सगळ्या भिंतीवर जमून तिला दटावायच्या, "नीट वळ की गं!" आईला ती गोष्ट फार काही आवडत नव्हती. गोष्ट छोटी होती आणि पोर लवकर झोपायची, म्हणून ती रोज तीच वाचायची.

"ती गोगलगाय म्हणजे मीच, असं वाटायचं मला," धाकटी म्हणाली. "कुणी हातावर बोललं की मी मनात म्हणायचे, शंख माझा आहे, मी अशीच चालणार. आणि ती सरळ भिंतीच्या पलीकडे निघून जाते ना, ते तर मला फार आवडायचं."

"गोष्टीतलं वेगळं असतं, बाळा. पुस्तकात लिहिणाऱ्याचं काय जातंय?"

"पुस्तकात?" धाकटी हसली. "आई, पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. सगळ्या तिला दटावतात तिथेच पुस्तक संपायचं. मला वाचता यायला लागलं तेव्हाच कळलं. पुढचं तू सांगायचीस."

खरंच होतं. दिवसभराच्या कामाने डोळे मिटत असताना आई तोंडाला येईल ते सांगून मोकळी व्हायची. तिने गोगलगायीला एकदाही माफी मागायला लावली नव्हती. रडवलं नव्हतं, शंख सरळ करून घ्यायला पाठवलं नव्हतं. झोपेने पेंगणाऱ्या, उंबऱ्याबाहेर कुणाला उलट उत्तर न देणाऱ्या बाईच्या तोंडून दर वेळी तेच निघायचं: मी अशीच चालणार. म्हणजे ते आतच कुठेतरी होतं. तिचंच होतं. आणि आज तीच बाई पोरीच्या पाठीमागे, पोरीच्या नावाने नाक घासायला निघाली होती!

"काय झालं गं?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. तू तेल दे नीट."

आई उठली. हात पदराला पुसले. मामा चिडणार, महिनाभर बोलणार नाही, वर मामीकडून चार टोमणे येणार. येऊ देत. नोकरी जाईल ही भीती अजून गेली नव्हती, तरीही तिने फोन उचलला. माफी नाही, हे मामाला सांगायचं होतंच. पण त्याआधी त्याच्याकडून मास्तरांचा नंबर घ्यायचा होता. पोरगी पलीकडेच उभी राहील, हे मास्तरांना ती स्वतः सांगणार होती.