दाराजवळचं स्टूल

संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजच्या मालकाने माझ्या धाकट्या भावाला, वसंताला, फसवलं. शब्द दिला आणि फिरवला. वसंताला जाऊन दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना राग नको, असं लोक सांगतात. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही.

वसंताला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. आमच्या पवनारला पोरं धाम नदीच्या पाण्यात उड्या मारायची, तेव्हा हा काठावर सगळ्यांचे कपडे राखत बसायचा. अंगाला गारवा लागला की त्याची हाडं ठणकायची... मग तीन-तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. दवाखान्यातून मिळालेलं आजाराचं लाल कार्ड तो प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवी. आईबाप लवकर गेले. मी डोक्यावर संत्र्यांची टोपली घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसले, हळूहळू ठोक व्यापारात आले. भल्याभल्यांशी भांडून भाव ठरवले, पण कागद कधी केला नाही. आमच्या बाजारात शब्द झाल्यावर कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं.

वसंताची नोकरीही मी तशीच ठरवली. माझा माल त्या मालकाकडेच राहायचा. मी म्हटलं, "शेठ, त्याले आतल्या थंड खोलीत पाठवाचं नाई. पाणी जवळ ठेवू द्याचं, अन् दुखलं त बसू द्याचं." मालक हसले. "तुमचा शब्द कोण मोडते, बाई?" वसंताने मात्र अर्ज लिहून आणला होता, लाल कार्डाची झेरॉक्स जोडून.

"अर्ज देतो ना ताई. कायद्यानं हक्क हाये आपला."

"कागद पाह्यला त बिमार समजून कामावर घेतच नाई तुले. मी बोलली ना?"

"तू बोलली, त शब्द तुले देल्ला. मले काय देल्लं?"

मी अर्ज त्याच्या हातातून ओढून घेतला.

चार वर्षं शब्द टिकला. माझ्या दुकानातलं एक लाकडी स्टूल मी तिथे दाराजवळ, उन्हाच्या तिरिपेत नेऊन ठेवलं होतं. त्यावर बसून तो संत्री निवडायचा. अंगठा दाबला की वरून टवटवीत दिसणारं पोचट फळ त्याला कळायचं. जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेली पाण्याची बाटली पायाशी असायची. सोबतच्या बाया चिडवायच्या, "काऊन जी सायेब, गादी आणून देऊ का?" हा म्हणायचा, "आणजो, पण गरम करून आणजो."

मग नवा मॅनेजर आला. सगळ्यांनी पाळीपाळीने थंड खोलीत जायचं, असं त्याने ठरवलं. वसंताने लाल कार्ड दाखवलं. मॅनेजरने फाइल उघडली, तिच्यात काही नव्हतं. त्याने मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, आपल्याकडे लेखी काही नाही, नियम सगळ्यांना सारखा. हे मला नंतर त्या बायांनी सांगितलं. वसंताने सांगितलं नाही. मी जाऊन तमाशा करेन आणि नोकरी जाईल, याची त्याला धास्ती होती... मला तो पुरता ओळखून होता. स्वेटरवर स्वेटर घालून तो आठ दिवस आत गेला. नवव्या दिवशी त्याला उचलूनच बाहेर आणलं.

दवाखान्यात छाती धरून तो एवढंच म्हणाला, "माही बाटली तिथंच राह्यली व ताई. घेऊन येजो." मी बाटली घेऊन परतले तोवर...

तेराव्यानंतर मी मालकांकडे गेले. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "बाई, लेखी काई होतं का?" चहा तसाच ठेवून मी उठले. येताना स्टूल तेवढं उचलून आणलं.

वसंताचा अर्ज आजही माझ्या गल्ल्याच्या तळाशी आहे. तीनच ओळी आहेत. मला सिकलसेल आहे. थंड खोलीत काम देऊ नये. पाणी जवळ ठेवू द्यावे. तो मी दाबून ठेवला, ही माझी चूक मी इथे सगळ्यांसमोर कबूल करते. त्याने वसंता काही परत येत नाही, हे मला कळतं. दुसऱ्या कोणाला तिथे स्टूल मिळेल, असंही मला वाटत नाही. पण शेठ, मी माझं उत्तर दिलं. आता तुम्ही द्या. माझ्या दुकानात या, स्टूल रिकामंच आहे. त्यावर बसा आणि वसंताची नोकरी ठरली त्या दिवशी माझ्यासमोर कोणकोणत्या गोष्टींना हो म्हणाला होतात, ते सांगा.