चुलीचं आवतण

"उद्या आमी चूल पेटवतच नाई, माय. सासू-सासरे, पोरं, समदेच येतो."

अंगणात लसूण सोलत बसलेल्या बायकांपैकी एक दुसरीला सांगत होती. मी कोठीच्या दाराआड तुरीच्या डाळीचं पोतं उसवत होते. सुतळी हातातच राहिली.

"तुमाले बी चुलीचंच का?"

"मंग! मोठ्या बापूनं सोता उंबऱ्यात उभं राहून सांगतलं. आमच्या पुऱ्या गल्लीले तसंच हाय."

दर्यापूरजवळच्या आमच्या गावात लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एक, म्हणजे प्रत्येक घरातून एकानं जेवायला यायचं. दुसरं चुलीचं. त्या घरची चूल त्या दिवशी बंद राहते आणि म्हाताऱ्यांपासून रांगत्या लेकरापर्यंत सगळे लग्नघरी जेवतात. पत्रिकेत यातलं काही छापलेलं नसतं. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातला मोठा माणूस कुंकू-अक्षता घेऊन दारोदार जातो आणि तोंडानं सांगतो. त्या तोंडच्या शब्दावर स्वयंपाक एकपट करायचा की दुप्पट, ते ठरतं.

ताईच्या लग्नाचं ठरलं होतं ते घरटी एक. महिन्याभरापूर्वी अमरावतीला आमच्या घरी बसून बाबा आणि मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गावाचे मोठे बापू, यांनी मिळूनच ते ठरवलं. केटररचं नाव काढल्यावर मोठे बाबा म्हणाले होते, "घरची पोरगी, घरचा गहू, घरची तूर. परक्याच्या हातचं कायले?" मग अकोल्याहून येणारं वऱ्हाड, आमचे पाहुणे आणि घरटी एक गाव असे नऊशेच्या आसपास पान धरलं आणि हिशोब माझ्याकडे आला. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे मला धड मराठी बोलता येत नाही पण गणित येतं असं आमच्या घरात सगळे धरून चालतात.

मी आधी इंटरनेटवर पाहिलं. तिथला पाहुणा दोन पोळ्या आणि वाटीभर वरणावर उठतो. तो आमच्याकडचा नव्हता. मग आत्यांना, माम्यांना फोन करून विचारलं. कोणी म्हणालं शंभर माणसांमागे बारा किलो कणीक, कोणी म्हणालं पंधरा. कोणी म्हणालं उन्हाळ्यात भात जास्त जातो, कोणी म्हणालं उन्हाळ्यात मठ्ठाच पितात, जेवत कोणी नाही. मी मधला आकडा काढत गेले. त्या महिन्यात मला भेटलेल्या प्रत्येक माणसानं एकच प्रश्न विचारला, "पुरन का?" मी मान हलवायचे. रात्री अंथरुणावर पडलं तरी डोक्यात वांग्यांची पोती यायची.

आणि आता त्या सगळ्याचा काही उपयोग उरला नव्हता.

सकाळी पहिल्या काही घरी कुंकवाचं ताट धरून मीच मोठ्या बाबांसोबत गेले होते. पहिल्या दोन दारांत त्यांनी "घरटी एक" म्हटलं, पण जमिनीकडे बघून. तिसऱ्या दारातल्या म्हातारीनं विचारलं, "एकच का रे, बापू? मी येऊ का माह्या बुढ्याले धाडू?" ती हसतच म्हणाली होती. मोठ्या बाबांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली, हसले नाहीत. तेवढ्यात मला घरून बोलावणं आलं आणि ताट चुलत बहिणीकडे गेलं. पुढच्या गल्ल्यांमध्ये काय झालं असेल ते आता मला दिसत होतं. एकीला चुलीचं सांगितल्यावर शेजारणीला घरटी एक कसं सांगणार?

आई कोठीतच गव्हाच्या पोत्यावर बसली होती. पाय सुजले होते, चपला काढून ठेवल्या होत्या. कोठी म्हणजे लग्नघरातली सामानाची खोली. तिथून जिन्नस काढून देणारा हात एकाच बाईचा असतो. दुसऱ्या कोणाचा हात लागला तर बरकत जाते म्हणतात. पुरलं तर कोणी काही म्हणत नाही. कमी पडलं तर नाव त्या बाईचं निघतं. आई नवी नवरी असताना आत्याच्या लग्नात कोठी तिच्याकडे होती. शेवटच्या पंगतीला कढी पुरली नाही आणि कोणीतरी तिच्यात पाणी ओतलं. आई म्हणते ती नव्हतीच तिथे, पण अजूनही कुठल्याही लग्नात कढीचं भांडं आलं की कोणीतरी म्हणतं, "पाह्य बरं, अमरावतीवालीनं हात नाही नं लावला?" सगळे हसतात. आईही हसते. घरी परत जाताना ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसते.

मी तिला बाहेर ऐकलेलं सांगितलं. तिनं डोळे मिटले.

"किती घरं?"

"एक गल्ली तर नक्की. बहुतेक सगळीच."

"मोठ्या बाबाले काही म्हणू नको. लग्नघर हाय. उद्या पोरीले सासरी वाटी लावाचं हाय, आज भांडन नको."

"पण आई, पुरणार नाही."

"मले समजते."

ती उठली नाही. मला वाटलं होतं ती काहीतरी सांगेल, कोणाला बोलाव, काय काढ. ती फक्त पायाची बोटं दाबत राहिली. वऱ्हाड आधी जेवतं, मग पाहुणे, गाव शेवटी. म्हणजे कमी पडलं तर ते गावालाच पडणार होतं आणि गावानं घरी चूल पेटवलेली नसणार. लेकरं रिकाम्या पत्रावळीसमोर बसलेली असतील आणि मागे घरातही काही नसेल. त्यानंतर आईला या गावात यायला तोंड उरलं नसतं. कढीचं निदान हसण्यावारी गेलं होतं.

मी मागच्या खळ्यात आचाऱ्याकडे गेले. ताडपत्रीखाली भट्ट्या मांडून झाल्या होत्या. उन्हानं ताडपत्रीचा वास येत होता. तो दर्यापूरचा माणूस, गळ्यात ओला गमछा टाकून कढई घासून घेत होता.

"आता पंधराशे धरा," मी म्हणाले.

"सकाळी तं नऊशे होते."

"आता पंधराशे आहेत."

"तुमाले का, आकडाच बदलाचा हाय. बुंदी तं कालच पाडून झाली नं, ताई. ते का रबर हाय, ताणाले?"

बुंदी ताणता येणार नव्हती. ती पंगतीत वाढप्यांनी हात राखून वाढायची असं ठरलं. भात आणि वरण वाढवता येत होतं, तांदूळ आणि डाळ हाताशी होती. वांग्याच्या भाजीत बटाटा जास्त घालायचा. पण वांगी, बटाटे आणि पिठाशिवाय काही होत नव्हतं. मी मामांना फोन केला. ते दर्यापूरलाच होते, मंडपवाल्याकडे. मामांनी काही विचारलं नाही. "किती?" एवढंच म्हणाले. मी सांगितलं. चक्कीवाल्याला निरोप धाडला. मग परत कोठीत येऊन आईकडून गव्हाची पोती काढून घेतली. तिनं हात लावून एकेक पुढे सरकवलं.

ऊन उतरता उतरता मामांचा छोटा टेम्पो अंगणात शिरला आणि त्याच वेळी दोन गडी गव्हाची पोती पाठीवर घेऊन चक्कीकडे निघाले. दोन्ही गोष्टी एकदम व्हायला नको होत्या. मोठे बाबा कडुनिंबाखाली खाटेवर बसले होते. भोवती गावातली चार मोठी माणसं होती, बाबाही होते. सगळ्यांच्या हातात चहा होता.

"थांबा रे! हे कायचे पोते? आन् टेम्पोत का हाय?"

"वांगे हायेत, बापू. आन् आलू," गडी म्हणाला.

"वांगे तं सकाळीच आले नं! कोणं मंगवले?"

मोठ्या आई, मोठ्या बाबांच्या बायको, ओसरीवरून म्हणाल्या, "कोठी जिच्याकडं हाय तिले इचारा. मांगच्या खेपी पानी ओतलं, आता पोते रिते करून राहिली."

लसणाच्या सुपांजवळून हसू फुटलं. चहावाली माणसंही हसली. आई कोठीच्या दारात आली होती, मी तिच्या मागे. तिनं पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"शहरात राहून हात लय सैल झाला तुमचा," मोठे बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "नऊशे मानसायले हे एवढं? उरलं तं का उकिरड्यावर टाकान?"

मला वाटलं ते मुद्दाम करतात. मग त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना खरंच कळलं नव्हतं. दारात उभं राहून दिलेलं आवतण हा त्यांच्या लेखी मानाचा भाग होता. कणीक, वांगी ही बायकांच्या खोलीतली गोष्ट. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांच्या पायांना धूळ लागलेली होती, दिवसभर उन्हात गाव फिरल्याची. बाबा मोबाईलमध्ये बघत होते. गड्यांनी पोती खाली टेकवली.

आई काही बोलणार नव्हती. ती उद्याही बोलणार नव्हती.

मी कोठीतून बाहेर आले. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी आधी मनात वाक्य जुळवते, मग ते जुन्या पुस्तकातलं वाटतं, मग गप्प बसते. त्या दिवशी मी इतकी दमले होते की जुळवायलाही ताकद नव्हती. अंगणातल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माझा आवाज माहीतच नव्हता. मी आईच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"मोठे बाबा, तुम्ही सकाळी गावाला चुलीचं सांगून आलात, म्हणून हे मी मागवलं. आईनं नाही. पोती चक्कीवर जाऊ द्या. कोठीत आता मी बसते आहे, उद्या काही कमी पडलं तर माझं नाव घ्या."