नानांच्या मेलखालची ओळ

नानांनी एकही मेल कधी नुसता पाठवला नाही. कंटेनर अडकल्याचा असो, क्रेन बंद पडल्याचा असो, खाली त्यांचं नाव, हुद्दा आणि त्याखाली ठळक निळ्या अक्षरांत एक ओळ असायचीच: ‘मिठागरातली माझी माणसं, लेखकाचे पहिले पुस्तक. प्रत हवी असल्यास याच मेलला उत्तर द्यावे.’

बंदराजवळ, द्रोणागिरीच्या एका गोदामात मी मॅनेजर होतो आणि नाना मालाची कागदपत्रं पाहायचे. आम्ही दोघंही पनवेलचे, कंपनीच्या बसने जाणारे-येणारे. नाना खाडीकाठच्या मिठागरवाल्या घरातले. मिठागर गेलं, तिथे इमारती आल्या, म्हणून त्यांनी पुस्तक लिहिलं आणि स्वतःच छापलं. प्रती घरी पलंगाखाली होत्या. पाहुण्यांना ते पलंगावरच बसवत.

“नाना, कंटेनरवाले पुस्तकं वाचतात का?” मी बसमध्ये टोमणा मारायचो.

“तेच तर ना साहेब! पुस्तकाच्या दुकानात जातो त्याला जाहिरात कशाला पायजे? जो जात नाय, त्याला कोन सांगनार हाय?”

एका जुन्या ग्राहकाचे वडील वारले. नानांनी कंपनीतर्फे सांत्वनाचा मेल पाठवला. मृतात्म्यास शांती लाभो, आणि खाली निळी ओळ. मी त्यांना केबिनमध्ये बोलावून झापलं. ते शांतपणे म्हणाले, “ती आपोआप लागते, साहेब. आनि दिवस होईस्तोवर मानसानं घरात बसून करायचं काय?” तेरावं झाल्यावर त्या गृहस्थाने खरोखर प्रत मागवली. नाना दिवसभर माझ्या केबिनसमोरून उगाचच जा-ये करत होते.

मेलवर मेल चढत गेला की ती ओळही प्रत्येक उत्तराखाली चढत जायची. अशाच एका लांबलचक पत्रव्यवहारावरून शिपिंग एजंटकडच्या एका नव्या मुलीने मला फोन केला, “सर, माल फरशांचा आहे ना? मग सगळीकडे मीठ मीठ काय लिहिलंय?” कागदपत्रांत मीठ वेगळं दाखवलेलं नाही म्हणून तिने कंटेनर एक दिवस रोखून धरला होता.

मी नानांना सांगितलं, “ग्राहकाची लेखी तक्रार आली आहे. ओळ काढा.”

“बरं साहेब, काढतो,” एवढंच नाना म्हणाले.

तक्रार आलेलीच नव्हती. उलट खुलासा ऐकून ती मुलगी हसत सुटली होती आणि तिने दोन प्रती मागितल्या होत्या. तो निरोप मी नानांना दिला नाही. ऑफिसात साहित्यिक म्हणून मी ओळखला जायचो. माझी कादंबरी कपाटात अर्धवट पडून होती आणि नानांच्या पुस्तकाचं नाव रोज दहा ठिकाणी जात होतं.

ओळ गेली आणि विचारणा सुरू झाली. नाना रिटायर झाले का? आजारी आहेत का? एकाने तर मलाच दबकत विचारलं, “नाना गेले की काय?” मी उत्तर पाठवलं, ‘नाना ठणठणीत आहेत.’ बसमध्ये मात्र ते आता खिडकीबाहेर बघत बसायचे.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी ते वारले. पनवेलच्या शोकसभेत मी सांगितलं, “कंपनीची शिस्त म्हणून नानांनी ती ओळ स्वतःहून काढली.” माणसांनी माना डोलावल्या. आजही हीच गोष्ट सांगितली जाते. ती खोटी आहे, म्हणून हे लिहितो आहे.

सभा संपल्यावर वहिनी जवळ आल्या. “भावजी, चांगलं बोललात. पन तक्रार कुनाची होती, ते ह्यांना ठावं होतं. त्या पोरीनं नंतर ह्यांनाच फोन केलेला.”

मी विचारलं, “मग मला कधी बोलले का नाहीत?”

“म्हनायचे, साहेबांचं पुस्तक येऊ दे. मग लावतो परत.”

माझं पुस्तक आलं नाही, आता येणारही नाही. परवा सोसायटीच्या सेक्रेटरीला मी पाण्याच्या टाकीबद्दल मेल केला. त्याचं उत्तर आलं, ‘काका, टाकी उद्या साफ होईल. आणि खाली ते मिठागरांचं पुस्तक लिहिलंय, ते तुमचं का?’

मी कळवलं, ‘नाही. नानांचं.’ त्याही उत्तराखाली निळी ओळ आपोआप लागली.