डबा खोटं बोलत नाही

सकाळी ताईचा फोन आला की मी आधी विचारायचो, "आज भाऊजींनी दूधवाल्याला काय ऐकवलं?" त्या सकाळीही तेच विचारलं. पण फोनवर ताई नव्हती, शेजारीण होती; तिने भाऊजी झोपेतच गेल्याचं सांगितलं.

भाऊजी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. प्रयोगशाळेतलं कपाटाएवढं यंत्र त्यांना जेवणाच्या डब्यात बसवायचं होतं, आणि निवृत्तीनंतर शहराच्या सोनागिरी भागातल्या घरी त्यांनी ते बसवलंही. आत एक काच, तिच्यावर सोन्याचा थर, इतका पातळ, की ताई म्हणायची, "एवढ्या सोन्याला सराफ दारसुद्धा उघडणार नाही." त्यावर दुधाचा थेंब ठेवून प्रकाश टाकायचा. भेसळ असली की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो आणि पडद्यावरची रेघ हलते. कॉलेजातल्या मंडळींनी वाहवा केली, पण भाऊजींना हवी होती ती ताईची. ताईचा विश्वास मात्र फक्त स्वतःच्या नाकावर. "दूध मला वासावरून कळतं. तुमचा डबा खोटं बोलतो," म्हटलं की विषय संपला.

मग एकदा रेघ रोजच हलायला लागली. भाऊजींनी दूधवाल्यांमागून दूधवाले बदलले. शेवटचा वैतागून म्हणाला, "साहब, कल भैंस ही ले आता हूँ, मशीन के सामने दुहवा लो!" ताईने वास घेतला, दूध उत्तम होतं. मग तिला डब्याकडे निघालेली मुंग्यांची रांग दिसली. डायबेटिस असलेले भाऊजी सकाळी फिरायला म्हणून लांबच्या जवाहर चौकात जाऊन पोहे-जलेबी हाणत होते आणि त्याच बोटांनी येऊन काच पुसत होते. फिरायला जाणाऱ्याला स्कूटर कशाला लागते, हे आम्हाला तेव्हाच सुचायला हवं होतं.

ताई कडाडली. दुसरा कोणी वरमला असता, भाऊजी टाळ्या वाजवायला लागले. "अगं, बोटाला राहिलेला एवढासा पाक, तोही पकडला त्यानं! आता तरी म्हण, डबा खरा आहे."

"खोटे तुम्ही आहात," ताई म्हणाली. डब्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. भाऊजींना ती कबुली शेवटपर्यंत मिळाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात गेलो, तर घरात आता पॅकेटचं दूध. तरी डब्यातला दिवा लागलेला, काचेवर थेंब, आणि ताई साबणाने हात धुऊन, चष्मा लावून रेघेकडे बघत बसलेली.

"पॅकेटचं दूध कसलं तपासतेस?" मी म्हटलं.

"दूध कोण तपासतंय? ते मला वासावरून कळतं," ती मान वर न करता म्हणाली. "डबा चालतोय ना, ते बघते... बंद पडला तर आता दुरुस्त कोण करणार?"