यादीत नसलेली जीप

"पॉझिटिव्ह आहे," डॉक्टर म्हणाले. स्वाइन फ्लू. माझी बायको तारा तेव्हा पुण्यातल्या एका दवाखान्यात काचेपलीकडं व्हेंटिलेटरवर होती, म्हणजे तिचा श्वास यंत्र चालवत होतं. "एक दिवस उशीर झाला असता, तर आणून उपयोग नव्हता," एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडं गेले.

साल २००९. आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात. भाताची लावणी उरकली आणि ताराला ताप आला. दगदगीचा असंल, असं समजून आम्ही घरीच राहिलो. चौथ्या दिवशी तिला बोलतानाही दम लागायला लागला.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी स्वॅब घेतला, म्हणजे काडीवर घशातला नमुना. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. मॅडम रिपोर्टसाठी थांबल्या नाहीत. त्यांनी भाड्याची जीप बोलावली आणि स्वतःच्या सहीवर आम्हाला पुण्याला धाडलं.

ती जीप साथीच्या निधीत बसत नाही, हे मला दवाखान्यातल्या सहाव्या दिवशी मॅडमच्या फोनवरून कळलं. निधीच्या खर्चाच्या यादीत औषधं होती, मास्क होते. नमुना प्रयोगशाळेत न्यायला गाडीही होती. आजारी माणसाला न्यायला नव्हती. भाडं अडकलं म्हणून जीपवाल्यानं चार दिवसांपासून येणं बंद केलं होतं. त्या चार दिवसांत वरच्या वाडीतली एक बाळंतीण वाटेतच गेली. दुसऱ्या दिवशी जुन्नरला या निधीची बैठक होती, मी येऊन बोलावं, असं त्या म्हणाल्या.

बैठकीच्या दिवशी सकाळीच ताराचा ऑक्सिजन खाली गेला होता. माझा पाय निघेना. मेव्हणी म्हणाली, "दाजी, जावा तुमी. मी हाय हितं." एसटीत सारा वेळ वाटत होतं, परत येईपर्यंत सगळं संपलेलं असंल.

बैठकीत निधी मंजूर करणारा साहेब माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. निधी उपचारासाठी आहे, गाडी हा उपचार कसा, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "सायेब, रिपोर्टला तीन दिस लागलं. तवर ती घरीच असती, तर उपचार कुनावर केला असता?"

साहेबांनी यादीखाली हातानं एक ओळ वाढवली. डोंगरातल्या पेशंटला जीप मंजूर झाली. बाळंतिणीचा नवरा दाराशी उभा होता. त्याच्याकडं मला बघवलं नाही.

तारा पंधराव्या दिवशी यंत्रावरून निघाली. मॅडमचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या घरी तापात कुणाला दम लागला, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, आधी माणूस हलवा.

तिची फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. भातखाचराच्या चढावर ती मधेच बसते. बाया पुढं निघून जातात. "तुमी व्हा म्होरं," ती म्हणते. मी जात नाही. शेजारी बसतो आणि तिचा श्वास ऐकतो.