सोमवारपर्यंत बंद

नूबिया आरोयावे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मेदेयीन शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटली, तेव्हा तिच्या वहिनीने गल्लीभर सांगितलं, की बाई आता पोरांच्या चुका काढायचा पगार घेणार. वहिनी खवचट खरी, पण खोटं नव्हतं ते. बावीस वर्षं इस्पितळात औषधांच्या खिडकीत बसलेल्या नूबियाला चूक वासावरून कळायची.

टीम सात जणांची, म्होरक्या येइसन, अठ्ठाविशीचा. बाळाच्या वजनावरून औषधाची मात्रा सांगणारा प्रोग्राम ते बनवत होते. एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी इस्पितळाची माणसं काम बघायला येत. प्रोग्राम बरोबर चालतो का ते तपासणारी चाचणी पास झाल्याशिवाय काम 'झालं' म्हणायचं नाही, हा नियम सगळ्यांनी टाळ्या वाजवून मंजूर केला होता. टाळ्यांना काय जातंय? घाई झाली की नापास चाचणी 'सोमवारपर्यंत' बंद ठेवायची, म्हणजे लाल खूण दिसत नाही, अशी सवय पडली. अशा अकरा चाचण्या साचल्या होत्या. सोमवार काही उगवला नव्हता.

त्या शुक्रवारी नऊ वाजता एक चाचणी नापास होऊन पडद्यावर लाल खूण आली. वजन दुरुस्त केलं तरी मात्रा जुन्याच वजनाची दिसत होती. पाहुणे अकराला येणार. नूबियाचे उमेदवारीचे तीन महिनेही त्याच दिवशी संपत होते, आणि कायम करायच्या कागदावर सही येइसनची लागणार होती.

तो कॉफीचा पेला घेऊन तिच्या टेबलाशी आला. "नूबियाबाई, एवढी एक बंद करा. त्यांच्यासमोर वजन दुरुस्त करतंय कोण?"

वहिनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि तिचा हात माउसवर गेलासुद्धा. पण घाईत कधीच वजन न चुकलेली नर्स तिने बावीस वर्षांत पाहिली नव्हती. हात मागे आला.

"मी नाही करणार. तुला करायची तर कर, खाली नावही तुझंच लाव."

बाकीची पोरं एकदम कामात गढली. येइसन पेला घेऊन आपल्या जागेवर गेला; लाल खूण तशीच राहिली.

अकराला सगळं छान दाखवून झालं आणि पाहुण्यांतल्या मोठ्या नर्सबाईंनी विचारलं, "वजन चुकून पडलं तर?"

येइसनने नूबियाकडे पाहिलं.

"चुकीची मात्रा दिसते," तो म्हणाला. "आजच सापडलं."

बाईंनी वही मिटली. दुरुस्त होईपर्यंत हे माझ्या वॉर्डात येणार नाही, म्हणाल्या.

दुपारी कागद आला. कायम नाही, आणखी तीन महिने उमेदवारी. नूबियाने सही केली आणि बंद चाचण्या एकेक करून चालू करायला घेतल्या. अकरापैकी चार अजूनही लाल. येइसन मागे कधी येऊन उभा राहिला, तिला कळलंच नाही.

"आधी कुठली?" त्याने विचारलं.

तिने त्याला खुर्ची आणायला लावली.